शेंगदाण्याचा शास्त्रज्ञ आणि बरणीतले तेल

बोईसर आणि पालघरच्या मोठ्या किराणा दुकानांत अलीकडे पीनट बटरच्या बरण्या ओळीने मांडलेल्या दिसतात. गुळगुळीत घ्यावे की रवाळ, गोड की अगोड, साधे की 'नैसर्गिक' असा शिक्का असलेले, या विचारात ग्राहकाचा बराच वेळ जातो. एवढे करून बरणी घरी आणली, की झाकण उघडताच वर तेलाचा थर आणि खाली घट्ट गोळा! चमचा घालावा तर तेल ओट्यावर सांडते. न ढवळता वरवरचे खावे तर तळाशी कोरडा भुगा उरतो. या खटाटोपात कुणाचा तरी उद्धार करावासा वाटला, की हमखास एकच नाव पुढे येते - जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. पीनट बटरचा शोध त्यांनीच लावला, अशी समजूत जगभर रूढ आहे. प्रत्यक्षात ते श्रेय त्यांचे नाही आणि बरणीचा दोषही त्यांचा नाही. त्यांनी केलेले काम वेगळे होते आणि ते या बरणीपेक्षा कितीतरी मोठे होते.

मराठी वाचकाला कार्व्हर परके नाहीत. वसईत दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या लेखिका वीणा गवाणकर यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'एक होता कार्व्हर' या चरित्राने त्यांना महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवले. गुलामीत जन्मलेला हा मुलगा पुढे शेतकऱ्यांचा शास्त्रज्ञ कसा झाला, हे त्या पुस्तकामुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले.

कार्व्हर यांचा जन्म १८६४च्या सुमारास अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, डायमंड ग्रोव्ह येथे झाला. नेमकी जन्मतारीख नोंदलेली नाही, कारण गुलामाच्या मुलाची तारीख नोंदवण्याची गरज कुणाला वाटत नसे. तान्हे असतानाच दरोडेखोरांनी त्यांना आईसह पळवून नेले. मालक मोझेस कार्व्हर यांनी माग काढून बाळ परत मिळवले. आईचा मात्र पुढे कधीच ठावठिकाणा लागला नाही. मोझेस आणि सुझन या दांपत्याने जॉर्ज आणि त्याचा भाऊ जिम यांना आपल्या घरात वाढवले. प्रकृतीने अशक्त असल्याने जॉर्जच्या वाट्याला शेतातली जड कामे आली नाहीत. स्वयंपाक, शिवणकाम, धुणे आणि बागकाम यांत तो तरबेज झाला. आजारी झाडे बरी करणारा मुलगा म्हणून आसपास त्याची ख्याती झाली.

जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. शिक्षणासाठी त्यांनी लहान वयातच घर सोडले. लोकांचे कपडे धुऊन आणि स्वयंपाक करून ते गावोगावी शिकत राहिले. कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉट येथे १८७९ साली एका कृष्णवर्णीयाला जमावाने ठार मारल्याचे त्यांनी पाहिले आणि ते गाव सोडले. पुढे एका महाविद्यालयाने पत्राद्वारे प्रवेश दिला; पण विद्यार्थी काळा आहे हे पाहताच दार बंद केले. अखेर १८९० साली आयोवातील सिम्प्सन महाविद्यालयात त्यांना चित्रकला शिकता आली. त्यांची झाडाफुलांची चित्रे पाहून शिक्षिका एटा बड यांनी त्यांना वनस्पतिशास्त्राची वाट दाखवली. एम्स येथील कृषी महाविद्यालयातून त्यांनी १८९४ साली पदवी आणि १८९६ साली पदव्युत्तर पदवी घेतली. १८९३च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्राचा गौरवही झाला होता.

समोर चित्रकाराचे आयुष्य होते, सुखाची नोकरी होती. परंतु १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी अलाबामातील टस्कीगी संस्थेत बोलावताच कार्व्हर तिकडे निघाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे ४७ वर्षे, तेथेच राहिले. प्रयोगशाळेसाठी पैसा नव्हता. उकिरड्यावरच्या बाटल्या, डबे आणि तारा गोळा करून विद्यार्थ्यांसह त्यांनी उपकरणे तयार केली.

संस्थेबाहेरची परिस्थिती त्याहून बिकट होती. गुलामी कायद्याने संपली होती, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली होती. काळा शेतकरी वाट्याने जमीन कसायचा, बियाणे आणि धान्य उधारीवर घ्यायचा आणि पीक निघाले की ते कर्जातच वळते व्हायचे. सावकार कापूसच लावायला सांगत असल्याने दारापर्यंत कापूस आणि ताटात मका, गूळ व खारवलेले मांस एवढेच असे. या चक्राची कल्पना पालघरच्या वाचकाला वेगळी करून द्यावी लागत नाही. तलासरी, डहाणू आणि उंबरगाव भागांतील वारली कुळे सावकार-जमीनदारांच्या वेठीत पिढ्यान्पिढ्या अडकली होती. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली ती या वेठीविरुद्ध उभी राहिली, तेव्हा कार्व्हर यांच्या निधनाला दोनच वर्षे झाली होती.

कार्व्हर यांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी मातीपासून सुरुवात केली. वर्षानुवर्षे कापूस घेऊन जमीन निकस झाली होती. भुईमूग आणि चवळी यांसारख्या पिकांच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. महागडे खत न घेता जमीन सुधारण्याचा हा मार्ग त्यांनी शेतकऱ्यांना दाखवला. १९०६पासून टस्कीगीची घोडागाडी अवजारे आणि नमुने घेऊन खेड्यापाड्यांत फिरू लागली. पुढे कापसाच्या बोंडावर पडणाऱ्या भुंग्याने अलाबामातले पीक उद्ध्वस्त केले, तेव्हा भुईमुगाचे महत्त्व सर्वांनाच पटले.

पीक आले, पण त्याचे करायचे काय? या प्रश्नाला उत्तर म्हणून १९१६ साली कार्व्हर यांनी भुईमुगाची लागवड आणि त्याचे १०५ पदार्थ सांगणारी पुस्तिका काढली. त्यात सूप, पाव, बिस्किटे आणि मिठाया आहेत. पीनट बटरही आहे. परंतु शोध म्हणून नव्हे, तर इतर पदार्थांसारखी एक साधी कृती म्हणून. दाणे भाजावेत, साले पाखडून काढावीत, हाताशी असेल त्या जात्यात पुन्हा पुन्हा दळून बारीक करावेत आणि बरणीत भरावेत, मीठ आवडीप्रमाणे. यात बाजारातून आणण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते, आणि कार्व्हर यांचा हेतूही तोच होता.

पीनट बटरचा इतिहास त्याआधीच सुरू झाला होता. मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसन यांना १८८४ साली शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट मिळाले, तेव्हा कार्व्हर विशीत होते आणि शाळेसाठी वणवण करीत होते. डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी १८९५ साली दाण्यांच्या लगद्यासाठी पेटंटचा अर्ज केला. वर तरंगणाऱ्या तेलाचा प्रश्न मात्र बराच काळ सुटला नव्हता. दाणे दळले की त्यांतले तेल मोकळे होते आणि हलके असल्याने वर येते. १९२०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील जोसेफ रोझफील्ड यांनी तेलाचा काही भाग हायड्रोजनच्या प्रक्रियेने घट्ट करून ते लगद्यात धरून ठेवण्याची युक्ती काढली. न ढवळता चालणारी बरणी तेथून आली. कार्व्हर यांनी आयुष्यात अवघी तीन पेटंटे घेतली; ती सौंदर्यप्रसाधन आणि रंगांसंबंधी होती.

१९२१ साली आयात शेंगदाण्यावरील कराच्या संदर्भात अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे ते बोलले. दिलेली दहा मिनिटे सभासदांनीच वाढवत नेली आणि कार्व्हर देशभर प्रसिद्ध झाले. भुईमुगापासून त्यांनी सुमारे ३०० वस्तू बनवल्याचे सांगितले जाते. त्यांतल्या फार थोड्या बाजारात टिकल्या, हेही तितकेच खरे. दंतकथा वाढत गेली तशी त्यांच्या नावावर पीनट बटरही जमा झाले. त्यांच्या आहारविषयक पुस्तिका महात्मा गांधींपर्यंत पोहोचल्या होत्या. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. साठवलेले सुमारे ६० हजार डॉलर त्यांनी टस्कीगीतील संशोधनासाठी देऊन टाकले.

बरणीपुढे गोंधळलेल्या ग्राहकाला या चरित्रातून सरळ उत्तर मिळते. वर आलेले तेल हा सहसा बिघाड नसतो. दाण्यांत दुसरे फारसे काही मिसळलेले नसल्याची ती खूण असते. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तीत शेंगदाणे आणि फार तर मीठ एवढेच असेल, तर निवड सोपी होते. बरणी उघडण्यापूर्वी काही तास घट्ट झाकणासह उलटी ठेवली, तर ढवळण्याचा त्रासही कमी होतो. आणि ज्या घरात दाण्याचे कूट रोज होते, तेथे भाजून सोललेले दाणे मिक्सरमधून तेल सुटेपर्यंत फिरवले, की बरणी विकत आणण्याचीही गरज उरत नाही.

जव्हार-मोखाड्यात हा प्रश्न निवडीचा नाही. वावर-वांगणीच्या १९९२च्या बालमृत्यूंनी या डोंगराळ भागातली उपासमार राज्यासमोर आली. कामासाठी वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे वजन ही त्यानंतरही काळजीची बाब राहिली. २०१५ साली आदिवासी भागांतील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडीतल्या त्या ताटात भाकरी, डाळ आणि पालेभाजीसोबत शेंगदाण्याचा लाडूही ठरवण्यात आला. त्याला ना शिक्का लागतो, ना झाकण. ज्या माणसांसाठी कार्व्हर यांनी ती १०५ पदार्थांची पुस्तिका लिहिली, त्यांना हा लाडू लगेच आपला वाटला असता.