धुळीच्या वादळाने ज्याचं गाव उठवलं, त्याच वुडी गथ्रीने त्या धुळीवर अख्खा अल्बम केला

बॉब डिलनवरचा 'अ कम्प्लीट अननोन' बघितला असेल, तर सुरुवातीचा हॉस्पिटलचा सीन आठवत असेल. गिटार घेतलेला पोरगेलासा डिलन एका खोलीत शिरतो. समोर एक माणूस असतो, त्याला धड बोलताही येत नाही. टिमोथी शॅलमेच्या नादात त्या माणसाकडे अनेकांचं लक्षच गेलं नाही.

तो वुडी गथ्री. एक गिटार, एक माउथ ऑर्गन, स्वतःच लिहिलेली गाणी आणि मागे बँड नाही, हा जो प्रकार आज इंडी म्युझिक म्हणून आपण ऐकतो, त्याची वाट ज्यांनी पाडली त्यात हे नाव फार वर आहे. आणि त्याचा १९४० सालचा 'डस्ट बोल बॅलड्स' हा अल्बम म्हणजे लोकसंगीत आणि कंट्रीच्या चालींवर सांगितलेली एका दुष्काळाची गोष्ट.

वुडीचा जन्म १४ जुलै १९१२ चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या ओकीमा गावचा. वडील जमिनीच्या व्यवहारात होते, घरचं बरं होतं. पण या घराच्या मागे आग लागली होती, आणि हे अगदी शब्दशः. १९१९ मध्ये मोठी बहीण क्लारा भाजून गेली. १९२७ मध्ये वडील भाजले. त्याच काळात आई नोराचं वागणं बिघडत गेलं. हातपाय तिच्या ताब्यात राहत नव्हते, गावात लोक तिला वेडी समजायचे. शेवटी तिला मनोरुग्णालयात ठेवलं आणि तिथेच ती गेली. तिला हंटिंग्टन्स हा आजार होता. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. पण हे कळायला अजून बराच वेळ होता.

पोरगा टेक्सासमधल्या पॅम्पा गावात आला. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, जमेल तिथे गिटार वाजवायचा. १९३३ मध्ये मेरी जेनिंग्सशी लग्न झालं.

आणि मग धूळ आली.

झालं असं होतं की पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, म्हणून शेतकऱ्यांनी मैलोन् मैल गवताळ रानं नांगरून काढली. त्या गवताच्या मुळांनीच माती धरून ठेवली होती. १९३० च्या दशकात पावसाने दडी मारली आणि ती मोकळी झालेली माती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तर 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. त्या दिवशी पॅम्पावर धुळीची अशी भिंत चालून आली की भरदिवसा काही दिसेना. अनेकांना जगबुडी आली असंच वाटलं.

पुढे लाखो लोकांनी हा पट्टा सोडला. मोडक्या गाडीवर गाद्या-भांडी बांधायची आणि कॅलिफोर्निया गाठायचं. तिकडे फळबागांमध्ये काम मिळतं, असं ऐकून होते. पण १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी थेट राज्याच्या सीमेवर माणसं उभी केली. खिशात पैसे नसतील तर मागे फिरा. जे आत शिरले ते तंबूत राहिले, त्यांना 'ओकी' म्हणून हिणवलं गेलं. आपल्याच देशात निर्वासित.

वुडीही याच वाटेने गेला. लॉस एंजेलिसच्या केएफव्हीडी रेडिओवर त्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि या तंबूतल्या लोकांना आपल्या बोलीत गाणारा माणूस मिळाला. तिथूनच तो डाव्या चळवळीकडे ओढला गेला.

१९४० च्या सुरुवातीला तो न्यूयॉर्कला पोचला. त्याच फेब्रुवारीत त्याने 'धिस लँड इज युवर लँड' लिहिलं. तेव्हा रेडिओवर सारखं वाजणारं एक देशभक्तिपर गाणं त्याला खटकत होतं, त्याला हे उत्तर होतं.

इकडे जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' कादंबरीवरचा सिनेमा गाजत होता, विषय हाच धुळीचा. व्हिक्टर कंपनीला त्यावर गाणी हवी होती. आणि धूळ स्वतः खाल्लेला गायक शहरात हजर होता! न्यू जर्सीतल्या कॅमडेनमध्ये २६ एप्रिल आणि ३ मे अशा दोनच दिवसांत काम उरकलं. जुलैमध्ये प्रत्येकी तीन तबकड्यांचे दोन संच आले.

यातल्या 'टॉम जोड' गाण्याची गंमत ऐका. कादंबरीची सगळी कथा वुडीने १७ कडव्यांत बसवली, तीही जुन्या लोकगीताच्या चालीवर. पुस्तक किंवा सिनेमाचं तिकीट ज्यांना परवडत नाही, त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचावी हा हेतू. पण ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. म्हणून गाणं मधोमध तोडून दोन बाजूंवर घातलं. जागा नसल्याने दोन गाणी तर गाळावीच लागली, ती पुढे १९६४ मध्ये आली.

अल्बममध्ये रडारड नाही, हे त्याचं खरं बळ. धुळीने फुप्फुसं भरलेला माणूस त्यात चेष्टा करतो. सीमेवरच्या पोलिसांवरचं गाणं तर विनोदीच वाटतं, अर्थ लक्षात येईपर्यंत.

अल्बम फार खपला नाही. नंतर तंबाखू कंपनीचा रेडिओ शो मिळाला, पैसा बरा होता. पण काय गायचं हे दुसऱ्याने सांगायचं, हे त्याला झेपलं नाही. सोडून दिला. मोठ्या कंपनीसाठी त्याने केलेला हा एकच अल्बम ठरला.

या मोकळेपणाची किंमत मात्र मेरीने मोजली. वुडी भटकत राहिला, तीन मुलं तिनेच सांभाळली. वुडीच्या कौतुकात हा भाग नेहमी गाळला जातो.

संसार मोडला. १९४५ मध्ये नर्तकी मार्जोरी माझियाशी त्याचं दुसरं लग्न झालं. १९४७ मध्ये त्यांची चार वर्षांची कॅथी आगीत गेली. पुन्हा आगच.

१९५० मध्ये फोकवेज या छोट्या कंपनीने 'डस्ट बोल बॅलड्स' पुन्हा बाजारात आणला आणि लोकसंगीताच्या नादी लागलेल्या नव्या पोरांपर्यंत तो पोचला. पण वुडीचे हात तोवर थरथरू लागले होते. दारूचा परिणाम असेल असं लोकांना वाटलं. १९५२ मध्ये निदान झालं. आईचाच आजार.

पुढची बरीच वर्षं हॉस्पिटलांतच गेली. जानेवारी १९६१ मध्ये १९ वर्षांचा डिलन त्याला शोधत आला आणि त्याचीच गाणी त्याला ऐकवू लागला. ३ ऑक्टोबर १९६७ ला वुडी गेला, वय ५५. घटस्फोटानंतरही त्याची काळजी घेणाऱ्या मार्जोरीने त्याच वर्षी हंटिंग्टन्सच्या रुग्णांसाठी संस्था उभी केली. या आजाराचं जनुक सापडायला १९९३ उजाडलं. तोवर पहिल्या लग्नाच्या त्याच्या दोन्ही मुली याच आजाराने गेल्या होत्या.