एड्स्गर डाइक्स्ट्रा : वाटांचा हिशेब मांडणारा गणिती

नागपुराहून मुंबईस जाणारी आगगाडी बहुधा वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ या मार्गानें जाते. हा मार्ग मध्येंच बंद पडला, तर उत्तरेस इटारसीवरून खंडव्यास व तेथून भुसावळास जातां येतें. वाट लांबची खरी. पण प्रवासी मुक्कामास पोंचतो. मात्र दुसरी वाट नुसती असून भागत नाहीं. पहिली तुटल्याची वार्ता वेळेवर कळावी लागते, आणि उरलेल्या वाटांपैकीं जवळची कोणती, हें ठरवितां यावें लागतें. आज संगणकांचे संदेश ज्या अफाट जाळ्यांतून धांवतात, त्या जाळ्यास हें ठरविण्याची रीत ज्यांच्या गणितामुळें लाभली, त्या एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच विद्वानाचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सादर करीत आहोंत.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म हॉलंड देशांतील रॉटरडॅम शहरीं ११ मे १९३० रोजीं झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ होते व आई गणितांत निष्णात होती. मुलास दहावें वर्ष पुरें होऊन तीन दिवस झाले नाहींत तोंच, १४ मे १९४० रोजीं, जर्मन विमानांच्या बॉंबवर्षावानें शहराचा मध्यभाग जळून खाक झाला. पुढें कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघांत स्वदेशाचें प्रतिनिधित्व करावें, असें त्याच्या मनांत होतें. परंतु गणित व शास्त्र या विषयांतील त्याची गति पाहून वडील मंडळींनीं त्यास शास्त्राकडे वळविलें, आणि तो लायडन विद्यापीठांत भौतिकशास्त्र शिकूं लागला. १९५१ सालीं त्यानें केंब्रिज येथें संगणकास आज्ञा लिहून देण्याचे धडे घेतले, व १९५२ पासून ॲमस्टरडॅम येथील गणित-केंद्रांत तेंच काम पत्करलें. हा व्यवसाय त्या वेळीं इतका नवा होता कीं, १९५७ सालीं विवाहनोंदणी करितांना डाइक्स्ट्रा यांनीं स्वतःस प्रोग्रामर म्हणविलें, तें अधिकाऱ्यांस मान्य झालें नाहीं. कागदावर भौतिकशास्त्रज्ञ असेंच लिहावें लागलें.

१९५६ सालीं केंद्रानें आर्मॅक नांवाचा नवा संगणक लोकांस दाखविण्याचें योजिलें. सामान्य मनुष्यास समजेल असा एखादा प्रश्न त्यास घालावयाचा होता. हॉलंडांतील एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाण्याची जवळांत जवळची वाट कोणती, हा प्रश्न डाइक्स्ट्रा यांनीं निवडला. एके दिवशीं भावी पत्नीसह बाजारांत हिंडून थकल्यावर ते एका कॉफीगृहाबाहेर विसांवले असतां, कागद-पेन्सिलीवांचून, सुमारें वीस मिनिटांत त्यांस उत्तर सुचलें. १९५९ सालीं तें छापून प्रसिद्ध झालें. लेख अवघ्या तीन पानांचा होता.

ही रीत कठीण नाहीं. समजा, आपणांस नंदनवनाहून सीताबर्डीस जावयाचें आहे. एक वाट जगनाडे चौकावरून आहे, दुसरी सक्करदरा व मेडिकल चौक यांवरून. प्रथम नंदनवनास लागून असलेल्या चौकांचीं अंतरें मांडावीं. त्यांत सर्वांत जवळचा जो चौक, त्याचें अंतर कायम झालें. कारण दुसऱ्या चौकावरून वळसा घेऊन तेथें येणें त्याहून जवळ पडणार नाहीं. मग त्या चौकावरून पुढें कोठें जातां येतें तें पाहावें, आणि कोठें पूर्वीपेक्षां कमी अंतर निघालें, तर जुना आंकडा खोडून नवा लिहावा. पुन्हां उरलेल्यांतील सर्वांत जवळचा चौक घ्यावा. असें करीत गेलें असतां सीताबर्डीची जवळची वाट निश्चित हातीं येते. एखादा रस्ता खणला गेला, तर तो नकाशांतून पुसून हिशेब पुन्हां करावा. दुसरी वाट पुढें येते.

अमेरिकेंत १९६९ सालीं सुरू झालेल्या आर्पानेट या जाळ्यांत आरंभीं प्रत्येक यंत्र शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबे. त्यामुळें तार तुटल्याची वार्ता सावकाश पसरे, आणि संदेश कधीं कधीं त्याच त्या फेऱ्यांत घुटमळत. १९७९ सालीं नवी पद्धत आली. प्रत्येक यंत्रानें फक्त स्वतःस जोडलेल्या तारांची स्थिति सर्वांस कळवावी. त्या वार्तांवरून प्रत्येकानें सबंध नकाशा तयार करावा, व डाइक्स्ट्रांच्या रीतीनें वाटा काढाव्या. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेली ओ. एस. पी. एफ. ही पद्धत याच तत्त्वावर उभी आहे, व आजहि मोठमोठ्या संस्थांचे राउटर तिचा उपयोग करितात. अर्थात् वाट असेल तरच हिशेबास ती सांपडणार. दोन तारा एकाच चरांतून नेल्या, तर कुदळीच्या एका घावानें दोन्ही तुटतात.

शिवाय नकाशा खरा पाहिजे. २७ ऑक्टोबर १९८० रोजीं आर्पानेटमध्यें बिघडलेल्या कांहीं वार्ता शिरल्या. यंत्रें त्यांस पुन्हां पुन्हां नव्या समजून पुढें धाडीत राहिलीं, आणि तारा शाबूत असतां सारें जाळें कित्येक तास बंद पडलें. चूक शिरल्यावर यंत्रसमूहानें आपण होऊन ताळ्यावर कसें यावें, या प्रश्नावर डाइक्स्ट्रा यांनीं १९७४ सालींच एक छोटा लेख लिहिला होता. कित्येक वर्षें त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. अखेर २००२ सालीं त्या लेखास पारितोषिक मिळालें, व पुढच्या वर्षापासून त्या पारितोषिकासच डाइक्स्ट्रांचें नांव देण्यांत आलें.

१९६२ पासून ते आइंडहोव्हेन येथें गणिताचे प्राध्यापक होते. १९७२ सालीं त्यांस ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९९ पर्यंत त्यांनीं अमेरिकेंतील ऑस्टिन येथें अध्यापन केलें. संगणकशास्त्रांत जन्म घालविलेला हा मनुष्य आपले लेख मात्र टांकानें, सुवाच्य अक्षरांत लिही. क्रमांक घातलेले असे तेराशेंहून अधिक लेख त्यांनीं मागें ठेविले. ६ ऑगस्ट २००२ रोजीं न्यूनेन या गांवीं त्यांचें देहावसान झालें.

मुलांनो, या यंत्रांपासून एक गोष्ट आपण खुशाल शिकावी. स्वतःच्या नांवानें, आपणांस प्रत्यक्ष ठाऊक आहे तेवढेंच तीं कळवितात. आणि नवी वार्ता येतांच जुना आंकडा खोडण्यास कमीपणा मानीत नाहींत. म्हणूनच एक वाट तुटली तरी संदेश अडून राहत नाहीं.