वेगाचा ध्यास घेतलेला विमा विक्रेता

अमेरिकेतील शिकारी बंदुकांच्या जगात ‘मॅग्नम’ या शब्दाला वलय मिळवून दिले ते एका विमा विक्रेत्याने. त्यांचे नाव रॉय वेदरबी. कन्सास राज्यातील एका मोठ्या शेतकरी कुटुंबात १९१० मध्ये त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. १९३७ मध्ये ते कॅलिफोर्नियात आले आणि पुढे मोटारचालकांच्या संघटनेसाठी विमा विकू लागले. फावल्या वेळात मात्र घरीच साधी यंत्रे बसवून काडतुसांचे प्रयोग चालत.

या प्रयोगांमागे एक सल होता. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला युटा राज्यातील शिकारीत त्यांच्या गोळीने जखमी झालेले हरीण निसटले. जनावर तडफडत राहू नये, पहिल्याच गोळीत त्याचा अंत व्हावा, असे त्यांना वाटू लागले. त्यासाठी गोळी जड करण्याऐवजी तिचा वेग वाढवावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मोठी आणि जड गोळीच खात्रीची, असे मानणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांना हे पटणे कठीण होते.

मॅग्नम हे मुळात मद्याच्या मोठ्या बाटलीचे नाव. नेहमीपेक्षा अधिक दारू मावणाऱ्या काडतुसांना ब्रिटिश बंदूककारांनी ते दिले. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये पॉइंट ३७५ आणि १९२५ मध्ये पॉइंट ३०० मॅग्नम बाजारात आणले होते. यातील दुसऱ्याची पुंगळी लांब आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली होती. वेदरबींनी तिचा निमुळतेपणा काढून बाजू जवळजवळ सरळ केल्या आणि खांद्याला गोलाई दिली. त्यामुळे तिच्यात अधिक दारू मावू लागली. १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे पावणेबारा ग्रॅमची गोळी त्या काळच्या लोकप्रिय पॉइंट ३०-०६ काडतुसातून सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने सुटे. हॉलंडच्या मॅग्नममधून तो वेग २,९०० फुटांच्या आसपास जाई. वेदरबींच्या पॉइंट ३०० मॅग्नमने ३,२०० फुटांचा टप्पा ओलांडला.

१९४५ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या साउथ गेट येथे दुकान थाटले. विक्रीची कला त्यांना पूर्वीच्या पेशाने शिकवलीच होती. हॉलिवूडचे तारे ग्राहक झाले आणि चकाकत्या लाकडी दस्त्याची वेदरबी रायफल प्रतिष्ठेची खूण ठरली. या काडतुसांचा प्रचंड दाब सहज पेलावा म्हणून १९५०च्या दशकाच्या अखेरीस ‘मार्क फाइव्ह’ हा नऊ अटकावांचा बोल्ट तयार झाला. त्याच सुमारास आलेले पॉइंट ४६० मॅग्नम हे ५०० ग्रेनची गोळी फेकणारे काडतूस बराच काळ बाजारातील सर्वांत शक्तिशाली शिकारी काडतूस मानले जात होते. त्याचा खांद्याला बसणारा धक्काही तितकाच कुप्रसिद्ध होता.

टीकाकारांचे म्हणणे निराधार नव्हते. त्या काळच्या गोळ्या इतक्या वेगासाठी बनलेल्या नव्हत्या. जवळून झाडलेली गोळी मोठ्या जनावराच्या खांद्याच्या हाडावर फुटून जाई आणि आतपर्यंत पोहोचतच नसे. म्हणजे जखमी जनावर निसटू नये यासाठी साधलेला वेगच कधी कधी ते निसटण्याचे कारण ठरत असे. शिवाय धक्क्याच्या धास्तीने नेमबाजाचा हात दचके आणि नेम चुके तो वेगळाच. पहिल्या दोषावर उत्तर मिळाले ते वेदरबींकडून नव्हे, तर जॉन नॉस्लर यांच्याकडून. कॅनडातील एका शिकारीत गोळीने दगा दिल्यावर त्यांनी मध्ये आडपडदा असलेली गोळी घडवली. तिचा पुढचा भाग फुटला, तरी मागचा शाबूत राहून पुढे जात असे. दुसऱ्या दोषावर मात्र नेमबाजाच्या सरावाखेरीज उपाय नव्हता.

सर्वसामान्य शिकाऱ्याने शेवटी मधला मार्ग पत्करला. १९६२ चे रेमिंग्टनचे सात मिलिमीटर मॅग्नम आणि १९६३ चे विंचेस्टरचे पॉइंट ३०० मॅग्नम वेगात वेदरबींच्या काडतुसापेक्षा थोडे मागे होते; पण ते नेहमीच्या लांबीच्या रायफलीत बसत आणि काडतुसेही स्वस्त पडत. खपात या दोघांनी बाजी मारली. वेगवान मॅग्नमची आवड ज्यांनी निर्माण केली, त्यांच्या वाट्याला हौशी आणि धनिक ग्राहकच राहिले.

१९८३ मध्ये वेदरबींनी कारभार मुलगा एड यांच्याकडे सोपवला. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे २०१९ च्या सुमारास कंपनीने कॅलिफोर्निया सोडून वायोमिंग राज्यातील शेरिडन येथे बस्तान हलवले.