धोतराच्या गाठीखालचा कॅन्सर ओळखणारे डॉ. खानोलकर

जालना जिल्ह्यातलं कुंभार पिंपळगाव घ्या नाहीतर मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही गाव, जुनी माणसं बघितली तर एक गोष्ट सारखी दिसेल. पुरुषाच्या कमरेला धोतर, बाईच्या कमरेला लुगडं. दोन्हीची गाठ घट्ट, कारण शेतात वाकून काम करताना ती सुटून चालत नाही.

या गाठीखाली कॅन्सर होऊ शकतो असं कुणी सांगितलं तर विश्वास बसणार नाही. पण १९४५ सालीच मुंबईतल्या एका डॉक्टरांनी ते पुराव्यानिशी मांडलं होतं. त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

कोण होते खानोलकर?

जन्म १३ एप्रिल १८९५ चा. घराणं मूळचं गोमंतकातलं. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये त्यांनी पॅथॉलॉजीत एमडी केलं. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोगाचं निदान करणारा डॉक्टर. मुंबईत ते ग्रँट मेडिकल कॉलेज आणि परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये प्राध्यापक होते.

२८ फेब्रुवारी १९४१ ला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधनाची जबाबदारी खानोलकरांकडे आली. देशभरातले रुग्ण तिथे येऊ लागले आणि खानोलकरांनी नुसत्या गाठी तपासल्या नाहीत, तर त्या माणसांच्या सवयीही तपासल्या. हा काय खातो, काय ओढतो, काय नेसतो?

यातूनच सहकारी सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी १९४५ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यात सवयींशी जोडलेले, भारतात आढळणारे कॅन्सरचे तीन प्रकार होते. त्यातला एक धोतराचा.

डाग आधी, कॅन्सर नंतर

होतं असं की, वर्षानुवर्षं धोतर एकाच जागी घट्ट बांधलं जातं. तिथे घाम आणि धूळ साचते, कापड घासतं. आधी त्या पट्ट्यातल्या कातडीचा रंग बदलतो. ती काळी पडते, कुठे पांढरट होते, खवले सुटतात. बऱ्याच वर्षांनी एखाद्याला तिथे जखम होते, ती भरत नाही आणि पुढे तोच कॅन्सर निघतो.

म्हणजे हा आजार अचानक येत नाही. तो आधी कातडीवर नोटीस लावतो.

उन्हाचंही असंच आहे. चाळीस वर्षं ऊन झेललेल्या कपाळावर, कानाच्या पाळीवर, टकलावर, खालच्या ओठावर किंवा हाताच्या मागच्या बाजूला लहान खरबरीत डाग उठतात. डोळ्यांना दिसण्याआधी ते बोटाला लागतात, सॅंडपेपरसारखे. त्यातले बरेच तसेच राहतात, काही आपोआप जातात, पण काहींचा कॅन्सर होतो. नेमका कुठल्या डागाचा होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून डॉक्टर त्यांच्यावर उपचार करतात.

आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन उन्हापासून बरंच संरक्षण देतं, त्यामुळे हे डाग गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याकडे कमी दिसतात. मात्र कोड असलेल्या किंवा जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या माणसांना जास्त जपावं लागतं.

पुढचं काम

खानोलकरांनी कुष्ठरोगावरही मोठं संशोधन केलं. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं, ते त्यांच्याच पुढाकारातून. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्या हाताखाली घडल्या. १९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ ला त्यांचं निधन झालं.

पण गाठीचा विषय संपला नाही. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्कर महिलांची नोंद प्रसिद्ध केली. दोघींना कमरेवर कॅन्सर झाला होता. त्यातली एक परकराशिवाय लुगडं नेसायची, रोज, चाळीस वर्षं. निदान झालं तोवर तिचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता.

मग करायचं काय?

नाडी किंवा गाठ सैल बांधा, तिची जागा बदलत राहा. कमरेची कातडी काळी-पांढरी व्हायला लागली तर ते वय झाल्याचं लक्षण समजू नका. शेतात पटका, रुमाल किंवा रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि शक्य तेव्हा दुपारची सावली, इतकं सांभाळलं तरी उन्हाचा बराच मारा टळतो.

महिनाभरात न भरणारी जखम, वाढत जाणारा किंवा रक्त येणारा डाग, कडक खपली, यातलं काहीही दिसलं की त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. फिकट चट्ट्याला स्पर्श कळत नसेल तर ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं, त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

उन्हाचा डाग असेल तर डॉक्टर तो द्रव नायट्रोजनने गोठवून काढतात किंवा काही आठवडे लावायचं मलम देतात. शंका आली तर छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. चुना, बिब्बा किंवा ॲसिड लावून डाग जाळू नका. वरची कातडी जळते, खालचा आजार तसाच राहतो आणि तपासायला तुकडाही नीट मिळत नाही.

डागावर थांबवलं तर काम अनेकदा दवाखान्याच्या एक-दोन फेऱ्यांत होतं. जखमेची वाट बघितली तर मोठं ऑपरेशन करावं लागू शकतं.