सर डीट्रिख ब्रँडिस

शेतांतलें पीक कापावें आणि पुढल्या पावसाळ्यांत पुन्हा पेरावें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु जें पीक तयार होण्यास माणसाचें एक आयुष्यही पुरत नाहीं, तें कापावें किती आणि राखावें किती, हें कोणी सांगावें? या प्रश्नाचा हिशेब ज्यांनीं जन्मभर मांडिला, त्या सर डीट्रिख ब्रँडिस यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें.

ब्रँडिस यांचा जन्म जर्मनींतील बॉन येथें ता. ३१ मार्च १८२४ रोजीं झाला. वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करून ते तेथील विश्वविद्यालयांत अध्यापक झाले. श्रीरामपूरचे प्रसिद्ध मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला. या नात्यागोत्यांतून त्यांचें नांव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कानीं गेलें, आणि इ. स. १८५६ मध्यें ब्रह्मदेशांतील पेगू प्रांताच्या सागवानी जंगलांची व्यवस्था त्यांजकडे आली.

शेजारच्या तेनासरीम प्रांतांत व्यापाऱ्यांनीं उत्तम साग केव्हांच तोडून नेला होता. पेगूची तीच गत होऊं नये, तर आधीं तेथें झाडें किती आहेत हें कळलें पाहिजे. ब्रँडिस हत्तीवर बसून जंगलांतून फिरूं लागले. ओल्या पानांच्या पाण्यानें वही भिजे; म्हणून त्यांनीं हातांत चार काठ्या व एक चाकू घेतला. खोडाच्या घेरावरून झाडांच्या चार प्रती ठरविल्या. साग दिसला कीं त्या प्रतीच्या काठीवर एक खाच पाडावयाची, आणि मुक्कामावर पोंचल्यावर खाचा मोजावयाच्या, असा त्यांचा क्रम असे.

या मोजणीवरून त्यांनीं नियम केला तो असा, कीं दुसऱ्या प्रतीचीं जितकीं झाडें वाढून पहिल्या प्रतींत येतील, तितकींच पहिल्या प्रतीचीं झाडें दरसाल तोडावीं. सुज्ञ गृहस्थ मुद्दलास हात न लावितां व्याजावर संसार करितो, त्यांतलाच हा प्रकार. रंगूनच्या लाकूड-व्यापाऱ्यांस हा नियम रुचला नाहीं. पण ब्रँडिस आपल्या मतापासून ढळले नाहींत.

त्या डोंगरांत करेन लोक जंगल जाळून फिरती शेती करीत. त्यांस केवळ हुसकून न लावतां, भाताबरोबरच सागाचें बीं पेरण्यास ब्रँडिस यांनीं त्यांस प्रवृत्त केलें व त्याचा मोबदला दिला. शेतकरी दुसरीकडे गेला कीं मागें सागाची लागवड उभी राही. ही पद्धत पुढें अनेक देशांत गेली.

रेल्वेच्या रुळांखालीं घालावयाच्या लाकडांसाठीं हिंदुस्थानचीं जंगलें त्या काळीं झपाट्यानें तुटत होतीं. इ. स. १८६४ मध्यें ब्रँडिस देशाचे पहिले वन-महानिरीक्षक झाले. वनरक्षणाचें काम शिकल्यावांचून होणार नाहीं हें ओळखून त्यांनीं १८७८ मध्यें देहरादून येथें वनशाळा सुरू करविली.

त्याच वर्षीं वनविषयक नवा कायदा झाला. गांवांस स्वतःचीं जंगलें असावींत व तीं गांवकऱ्यांनीं सांभाळावींत, असा ब्रँडिस यांचा आग्रह होता; पण सर्व सत्ता सरकारच्या हातीं असावी म्हणणाऱ्यांचा पक्ष प्रबळ ठरला. गांवजंगलांचें कलम कायद्यांत आलें, तें बहुधा कागदावरच राहिलें. गायरानें गेल्यानें शेतकऱ्याची काय दैना झाली, हें जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्यें ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत मांडिलें आहे. वृक्ष राखिले, पण वृक्षांजवळचा मनुष्य दुरावला. ब्रँडिस यांनीं उभारलेल्या खात्याचें हें मोठें वैगुण्य होय.

१८८३ मध्यें ते निवृत्त झाले. पुढें तरुण वनविद्यार्थ्यांस युरोपचीं जंगलें दाखवून त्यांनीं शिकविलें. अमेरिकेच्या वनखात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो हे त्यांच्याच मार्गदर्शनानें तयार झाले. ८२ व्या वर्षीं, १९०६ मध्यें, हिंदी वृक्षांवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि ता. २८ मे १९०७ रोजीं बॉन येथेंच त्यांनीं देह ठेविला.

त्यांच्या मनांतील अपुरें राहिलेलें काम आपल्याच महाराष्ट्रांत थोडें पुढें गेलें आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००६ च्या कायद्यान्वयें २००९ मध्यें आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून गांव स्वतः आपला बांबू विकूं लागलें. आतां अशा गांवांस झाडें मोजणारे, रोपवाटिका चालविणारे, माती व पाणी अडविणारे, नकाशे काढणारे व चोख हिशेब लिहिणारे तरुण हवे आहेत. विज्ञानाची पदवी घेऊन परीक्षेनें भारतीय वनसेवेंतही जातां येतें.

मुलानें झाडांचा अभ्यास करीन म्हटलें, कीं त्यावर पोट कसें भरणार, असें पालक सहज विचारतात. त्यांनीं हें चरित्र एकवार वाचावें. जंगल राखून त्याच्या व्याजावर अनेकांचीं पोटें भरतां येतात. मात्र तो हिशेब जाणणारा शिकलेला मनुष्य तेथें पाहिजे. विद्यार्थ्यांनो, आपल्या शाळेच्या आवारांत व गांवाच्या शिवारांत कोणतीं झाडें किती आहेत, एवढें जरी या सुट्टींत मोजलें, तरी त्या विद्येचा पहिला धडा तुम्ही गिरविला असें होईल.