पुण्यश्लोक अहिल्याबाई

भगिनींनो, घरावर एकामागून एक आघात झाले की देवाने आपल्याकडे पाठ फिरविली, असे मनात येते. अशा वेळी अहिल्याबाई होळकरांचे चरित्र आठवावे.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी १७२५ साली त्यांचा जन्म झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. त्या सती जावयास निघाल्या. परंतु सासरे मल्हाररावांनी कळवळून विनविले, म्हणून त्या मागे फिरल्या. राज्यकारभार त्यांनी सासऱ्यांजवळच शिकला. १७६६ मध्ये सासरेही गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेराव गेला.

आधार गेले, पण रयत समोर होती. दौलत शंकराची, आपण केवळ कारभार पाहणाऱ्या, असे मानून त्या शंकराच्या नावाने हुकूम काढीत. पूजा आटोपली की फिर्यादी ऐकावयास बसत. महेश्वरास त्यांनी विणकर वसविले, काशीविश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले, ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या.

१७९१ मध्ये जावई वारले आणि आईने परोपरीने विनवूनही कन्या मुक्ताबाई सती गेली. सासऱ्यांच्या शब्दाने सून परतली होती. आईच्या शब्दाने लेक परतली नाही. या दुःखाला उत्तर नव्हते. तरीही १७९५ साली देह ठेवीपर्यंत बाईंनी हातचे काम टाकले नाही.

देवाचा हेतू आपल्यालाही लगेच कळत नाही. पण आज दाराशी कोण उभे आहे, एवढे तर दिसते! तेथूनच आरंभ करावा.