दोन युनिक्स आणि एक डेनिस रिची

प्रोजेक्टच्या रात्री हॉस्टेलवर एक भांडण हमखास होतं. सीनियर्सचं टूल चालतंय ना? मग तेच दुसऱ्या लँग्वेजमध्ये परत कशाला लिहायचं? हाच प्रश्न ज्यांच्यापुढे उभा राहिला, त्यांची ही गोष्ट.

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्राँक्सव्हिलचा. वडील बेल लॅब्समध्ये होते. हार्वर्डला फिजिक्स शिकलेले डेनिसही १९६७ मध्ये तिथेच लागले. पीएचडीचा प्रबंध लिहून झाला होता, पण पदवी काही पदरात पडली नाही!

१९६९ मध्ये केन थॉम्पसन यांनी एका जुन्या पीडीपी-७ मशीनवर युनिक्स सुरू केलं आणि रिची त्यांना येऊन मिळाले. ते असेंब्लीमध्ये होतं. छोटं, चपळ, पण एकाच जातीच्या मशीनला बांधलेलं. पुढे रिचींनी थॉम्पसन यांच्या 'बी' वरून 'सी' घडवली. १९७२ च्या उन्हाळ्यात थॉम्पसन यांनी युनिक्स सीमध्ये लिहायला घेतलं आणि चक्क सोडून दिलं. कारण सीमध्ये तेव्हा स्ट्रक्चरच नव्हतं. रिचींनी ते भाषेत घातलं आणि १९७३ मध्ये कर्नल सीमध्ये उतरला.

आता युनिक्स एक, अवतार दोन. नवा अवतार सुमारे एक तृतीयांशाने मोठा, आणि मेमरी तर महागडी. तरी त्यांनी नवाच ठेवला. तो समजायला सोपा, बदलायला सोपा. शिवाय मल्टिप्रोग्रॅमिंगसारख्या सुधारणाही त्यात आल्या. आपल्या कर्जतला घाट चढायला गाडीमागे बँकर इंजिनं लावतात ना? खर्च वाढतो, पण गाडी वर पोचते. तसंच हे! १९७७-७८ मध्ये युनिक्स इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या मशीनवर चढलं, तेव्हा तो खर्च वसूल झाला.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निगन यांच्याबरोबर त्यांनी सीचं पुस्तक लिहिलं. १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासह ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये, स्टीव्ह जॉब्स यांच्यानंतर आठवड्याभरातच, ते गेले. पेपरांत मात्र त्यांना कोपराच मिळाला. पण आपल्या मोबाइलमधल्या अँड्रॉइडचा लिनक्स कर्नल आजही मुख्यतः सीमध्येच आहे.

तेव्हा भांडताना नुसता स्पीड मोजू नका. नवी लँग्वेज त्या कामाला तयार आहे का, आणि पुढच्या वर्षी ज्युनिअर्सना तो कोड कळेल का, हेही विचारा. उत्तर 'नाही' असेल, तर जुनंच बरं!